सायकलचा चिमटा आणि हेडसेट घरी पुन्हा जोडताना

हेडसेट, म्हणजे चिमटा (पुढचं चाक धरणारा भाग) फ्रेममध्ये ज्यावर फिरतो तो छर्ऱ्यांचा जोड, उघडायला पाच मिनिटं लागतात. सगळ्यात वरचा लॉकनट निघाला, त्याखालचा वरचा कोन (छर्ऱ्यांवर टेकणारी उताराची कडी) सुटला की चिमटा आपोआप खाली घसरतो आणि छर्रे फरशीभर पळतात. मग कपाटाखालून गोळा केलेले छर्रे, दोन-चार कड्या आणि एक चपटा वॉशर समोर मांडून माणूस विचार करत बसतो की यातलं आधी काय होतं. हा लेख तिथून पुढचा आहे.

या कामात जोर लागतो तो फक्त वाट्या (फ्रेममधल्या, छर्रे बसतात त्या खोलगट कड्या) दाबून आणि खालचा कोन ठोकून बसवताना. बाकीचं काम बोटांचं आहे. हेडसेट लवकर खराब होतो तो एक तर फार आवळल्यामुळे, नाही तर ढिला ठेवून चालवल्यामुळे, आणि या दोहोंमधलं अंतर कोनाच्या एका फेऱ्याच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढंच असतं. म्हणून सातवा टप्पा, म्हणजे आवळणी, सगळ्यात लांबवून लिहिला आहे. घाई असेल तर बाकीचं वरवर वाचा, तो मात्र सावकाश वाचा.

आधी ओळखा: आटेवाला की बिनआट्यांचा

हँडलच्या खाली, फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या (हिला पुढे हेड ट्यूब म्हणतो) टोकावर मोठा सहा किंवा आठ कोनी नट दिसत असेल आणि हँडलचा दांडा त्याच्या आत शिरत असेल, तर हेडसेट आटेवाला. जुन्या धाटणीच्या, काळ्या, सरळसोट सायकली आणि बऱ्याचशा साध्या गिअरच्या सायकली या प्रकारात येतात. उलट स्टेम (हँडल धरणारा भाग) चिमट्याच्या नळीला बाहेरून मिठी मारून बसला असेल, त्याला मागे दोन ॲलन बोल्ट असतील आणि डोक्यावर झाकणासारखी टोपी असेल, तर तो बिनआट्यांचा. टप्पे आटेवाल्यासाठी लिहिले आहेत, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो. बिनआट्यांचं वेगळं काय ते नवव्या टप्प्यात आहे.

काय काय लागेल

- लॉकनटच्या मापाचा पाना. १ इंची हेडसेटला (हे माप चिमट्याच्या नळीच्या बाहेरच्या व्यासाचं) बहुतेक वेळा ३२ मिमी, १ १/८ इंचीला ३६ मिमी. घेण्याआधी नटाच्या दोन समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर मोजा.
- वरचा कोन धरायला त्याच्या मापाचा पातळ पाना. साधा जाड पाना लावला तर तो लॉकनटलाही अडतो आणि दोन्ही एकत्र फिरतात. कोनाला सपाट बाजू नसून नुसत्या खाचा किंवा खरबरीत कडा असतील, तर तो हातानेच धरायचा असतो.
- स्टेमच्या बोल्टसाठी ६ मिमीची ॲलन की किंवा १३ मिमीचा पाना.
- ग्रीस. चाकाच्या बेअरिंगसाठीचं साधं लिथियम ग्रीस चालतं. पावसात सायकल चालत असेल तर पाण्याला दाद न देणारं घट्ट ग्रीस उत्तम.
- धुवायला रॉकेल, जुना टूथब्रश आणि पिसं न सुटणारं फडकं.
- नवे छर्रे, मोजमापासाठी व्हर्निअर कॅलिपर, छर्रे उचलायला लहान चुंबक.
- हातोडी, लाकडाचा ठोकळा आणि अंथरायला जुनी चादर. ही चादर खरोखर अंथरा. फरशीवर पडलेला छर्रा टुणकन उडतो, चादरीवर पडलेला जागीच थांबतो.

गंज सोडवणारा स्प्रे ग्रीसऐवजी वापरू नका. तो ग्रीस विरघळवतो आणि थोड्या दिवसांत स्वतःही उडून जातो.

## १. भाग ओळीने मांडा

खालून वर या क्रमाने भाग चादरीवर ठेवा: चिमट्यावर बसणारा खालचा कोन, खालचे छर्रे, खालची वाटी, हेड ट्यूब, वरची वाटी, वरचे छर्रे, आटे असलेला वरचा कोन, जीभवाला वॉशर, दिव्याचा किंवा रिफ्लेक्टरचा ब्रॅकेट, लॉकनट. वाट्या फ्रेममध्येच घट्ट असतील आणि खालचा कोन चिमट्यावरच असेल, तर ते तिथेच राहू द्या. काढायची गरज फक्त बदलायचे असतील तरच.

काही हेडसेटमध्ये वरचा जोड उलटा असतो, म्हणजे फ्रेमवर कोन आणि आटे असलेल्या भागात वाटी. क्रम तोच, आकार तेवढे उलट. अजून उघडलं नसेल तर प्रत्येक भाग निघताना मोबाइलवर फोटो काढा, आणि भाग कोणत्या बाजूने वर होता तेही दिसू द्या.

## २. धुवा, पुसा, मग निरखा

सगळं रॉकेलमध्ये घासून काढा. आग, शेगडी, उदबत्ती जवळ नको. पुसल्यावर भाग पूर्ण वाळू द्या, ओल्या रॉकेलवर ग्रीस धरत नाही. चिमट्याच्या नळीवरच्या आट्यांमधला काळा चिखलही ब्रशने काढा. तिथे अडकलेला वाळूचा एक कण नवा नट आडवा चढवायला पुरेसा असतो.

वाटी आणि कोनाच्या ज्या पट्ट्यावरून छर्रे फिरतात तिथे एकसारखी चकचकीत रेघ असेल तर भाग ठीक आहे. डोळ्यांना खात्री वाटत नसेल तर बॉलपेनचं टोक त्या रेघेवरून हलकेच फिरवा. खळगा असेल तिथे टोक अडखळतं, आणि बोटाला न जाणवणारा खळगाही पेनाला कळतो. विशेषतः खालच्या कोनावर पुढे आणि मागे ठरावीक अंतरावर खळग्यांची रांग सापडते. याच हेडसेटमध्ये हँडल सरळ असताना खटकन एका जागी बसल्यासारखं वाटतं. खड्ड्यात आपटून छर्रे रुतले असं सगळे समजतात. प्रत्यक्षात सायकल सरळ चालत असताना छर्रे जागच्या जागी सूक्ष्म थरथरतात, त्या जागचं ग्रीस बाजूला सरतं आणि कोरडं पोलाद पोलादावर घासून खळगे पडतात. अशा भागाला ग्रीसने काही होत नाही, तो बदलावाच लागतो.

चिमट्याची तपासणी जिवाशी गाठ असल्यासारखी करा. खालच्या कोनाच्या लगत, जिथे उभी नळी चिमट्याच्या खांद्याला मिळते, तिथे बारीक केसासारखी रेघ, रंगावर सुरकुती किंवा गंजाचा फुगवटा असेल तर तो चिमटा सायकलवर चढवू नका. वेल्डिंग करून वापरायचा विचारही नको. सायकल समोरून कशाला धडकली असेल तर दोन्ही पाय एका बाजूने बघा, ते एकमेकांच्या रेषेत दिसले पाहिजेत. आजच्या साध्या पुढच्या चाकाला चिमट्याच्या दोन्ही टोकांमधलं आतलं अंतर १०० मिमी असतं. चाक बसवताना पाय ओढून ताणावे लागत असतील तर कुठे तरी वाक आहे, किंवा चिमटा जुन्या अरुंद मापाचा आहे.

## ३. वाट्या आणि खालचा कोन

हा टप्पा फक्त हे भाग बदलणाऱ्यांसाठी. बाकीच्यांनी सरळ चौथ्यावर जावं.

मापात फसगत होते ती इथेच. १ इंची हेडसेटच्या दोन पद्धती प्रचलित आहेत आणि दुरून त्या सारख्याच दिसतात. एकीत खालचा कोन चिमट्याच्या नळीच्या बुडाशी असलेल्या २६.४ मिमीच्या गळ्यावर बसतो आणि वाट्यांचा फ्रेममध्ये जाणारा भाग ३०.२ मिमी असतो. दुसरीत हीच मापं २७.० आणि ३०.० मिमी. २७ चा कोन २६.४ च्या गळ्यावर नुसता हातानेच घसरून बसतो. तसा बसला तर खूश होऊ नका, तो चुकीचा आहे आणि थोड्याच दिवसांत खटखट सुरू करेल. पत्र्याची पट्टी घालून घट्ट करण्याचा जुगाड टाळा, कारण कोन किंचित तिरका बसतो आणि छर्रे एकाच बाजूला भार घेतात.

वाट्या ठोकून बसवू नका, दाबून बसवा. १२ मिमी जाडीचा, ३० सेंमी लांब आटेदार रॉड, वाटीपेक्षा मोठे दोन जाड वॉशर आणि दोन नट एवढ्यात घरचा प्रेस तयार होतो. वाटीच्या बाहेरच्या भागाला आणि हेड ट्यूबच्या आतल्या कडेला ग्रीसचा पातळ हात द्या, एका वेळी एकच वाटी ठेवा आणि नट अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. सुरुवातीच्या दोन मिमीत वाटी तिरकी दिसली तर लगेच थांबा, काढा आणि पुन्हा सरळ ठेवा. एकदा तिरकी आत गेलेली वाटी नळीची कड फाडते. वाटी पुरती बसली की तिच्या ओठामध्ये आणि फ्रेममध्ये वहीचा कागदही शिरत नाही.

खालच्या कोनासाठी चिमट्याच्या नळीवर सैलसर जाईल असा पाइप घ्या, १ इंची नळीला आतून सुमारे २७ मिमीचा. पाइपची कड कोनाच्या आतल्या खांद्यावर टेकली पाहिजे, छर्ऱ्यांच्या रेघेवर नव्हे. पाइपच्या डोक्यावर हातोडीचे सरळ ठोके द्या. कोन खाली सरकत असताना आवाज बद्द येतो, तो टेकला की ठोका टणक आणि खणखणीत वाजतो. तिथे थांबायचं.

## ४. छर्रे

जुने छर्रे कितीही चमकत असले तरी परत टाकू नका. आणि काही जुने, काही नवे असं तर मुळीच नको. नवे छर्रे किंचित मोठे भरतात, सगळा भार तेच पेलतात आणि वाटीला खळगे पाडतात.

१ इंची हेडसेटमध्ये बहुधा ५/३२ इंची, म्हणजे ३.९७ मिमीचे छर्रे असतात. जुन्या धाटणीच्या काही सायकलींत ३/१६ इंची, म्हणजे ४.७६ मिमीचे. पुढच्या चाकाच्या हबमध्येही साधारणपणे हेच ३/१६ असतात, त्यामुळे डबीत दोन्ही एकत्र झाले की डोळ्यांनी फरक कळत नाही. कॅलिपर लावा. वरचे आणि खालचे वेगळे मोजा, ते एकाच मापाचे असतील असं गृहीत धरू नका.

किती घालायचे? वाटीत ग्रीसचा जाड थर लावा आणि एकेक छर्रा चिकटवत पूर्ण गोल भरा. मग एक छर्रा काढा. साधारण एका छर्ऱ्याएवढी मोकळी जागा राहिली पाहिजे. ठासून भरले तर छर्रे एकमेकांवर घासतात, आणि कधी कधी एखादा वर चढून बसतो. मग जोड कितीही सैल करा, हँडल अडकतच राहतं. प्रत्येक बाजूचा आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढे जोडणी झाल्यावर डबीत एखादा जास्तीचा सापडला तर तो कुठून आला ते त्याच आकड्यावरून कळेल.

छर्रे सुटे नसून पत्र्याच्या पिंजऱ्यात असतील तर पिंजऱ्याची बाजू महत्त्वाची. ती सांगण्यासाठी लोक नियम पाठ करतात आणि नेमका उलटाच आठवतात. त्यापेक्षा सोपी युक्ती: ग्रीस न लावता पिंजरा वाटीत ठेवा, वर कोन टेकवा आणि बोटाने फिरवा. बरोबर बसला असेल तर छर्ऱ्यांवर सरसर फिरतो. उलटा असेल तर पत्रा घासल्याचा खरखर आवाज येतो आणि कोन थोडा उंच राहतो. दोन्ही बाजू करून पाहा. एकदा ऐकलं की शंका राहत नाही. खराब झालेल्या पिंजऱ्याऐवजी सुटे छर्रे घातले तरी चालतं, बसतातही जास्त, त्यामुळे भार जास्त जागी वाटला जातो.

## ५. चिमटा चढवा

सायकल उलटी करा, सीट आणि हँडलचा भाग जमिनीकडे. आता खालची वाटी वर तोंड करून आहे. तिच्यात ग्रीस आणि छर्रे लावा. चिमट्याची नळी सावकाश, सरळ आत सोडा, कारण नळीचं टोक वाटीच्या कडेला लागलं की दोन-तीन छर्रे आत पडतात. हेड ट्यूबमध्ये पडलेला छर्रा हँडल हलवताना कुरकुरत राहतो आणि मग सगळं उघडावं लागतं.

चिमट्याची दिशा आत्ताच पाहा. पाय वाकदार असतील तर वाक पुढे, चाकाच्या दिशेने जायला हवा. पाय सरळ असतील तर ब्रेकच्या जागेवरून ओळखा: रिमचा ब्रेक चिमट्याच्या पुढच्या बाजूला, डिस्क ब्रेकचे कान डाव्या पायावर. उलटा चिमटा लावलेल्या सायकली रस्त्यावर पैशाला पासरी दिसतात. अशा सायकलीचं हँडल नीट चालत नाही आणि वळताना पायाचा अंगठा चाकाला लागतो.

चिमटा आत दाबून धरा आणि सायकल सरळ करा. एका हाताने चिमटा खालून वर ढकलूनच ठेवायचा, जोडीला कोणी असेल तर बरं. चिमटा अर्धा सेंटिमीटर जरी खाली घसरला तरी खालचे छर्रे सांडतात.

## ६. वरची रांग

वरच्या वाटीत ग्रीस लावून छर्रे मांडा. आता वरचा कोन आट्यावर. आधी कोन उलट्या दिशेने, घड्याळाच्या विरुद्ध, हळू फिरवा. आट्याचं तोंड जुळलं की टच असा बारीक धक्का बोटांना लागतो. तिथून सरळ दिशेने फिरवा. पहिले तीन फेरे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. पाना लावायची गरज पडली म्हणजे आटा आडवा चढतोय.

कोन छर्ऱ्यांवर टेकला की जीभवाला वॉशर. चिमट्याच्या नळीवर उभी खाच असते, जीभ त्यात बसते. काही नळ्यांना खाचेऐवजी एक बाजू सपाट असते, मग वॉशरचं भोकही तसंच असतं. या वॉशरचं काम एवढंच की लॉकनट आवळताना फिरणं कोनापर्यंत पोहोचू नये. जीभ झिजलेली किंवा वाकलेली असेल तर वॉशर फिरतो, खाचेच्या कडेचे आटे सोलतो आणि नंतर कोनच चढत नाही. जीभ झिजलेला वॉशर फेकून द्या.

त्याच्यावर ब्रॅकेट, मग लॉकनट. ब्रॅकेट काढून टाकला असेल तर त्याच्या जाडीचा सुटा वॉशर घाला. नाही तर लॉकनट आतल्या कडेने नळीच्या टोकावर टेकतो. हाताला तो घट्ट लागतो, पण त्याच्या खालचा वॉशर बोटाने हलतोय. असं दिसलं की समजा, जोड आवळलेलाच नाही.

## ७. आवळणी

इथे फसायचं कारण समजून घ्या, मग हात आपोआप बरोबर चालतो.

नट आणि नळीच्या आट्यांमध्ये थोडी मोकळीक असतेच. लॉकनट नसताना कोन छर्ऱ्यांच्या रेट्यामुळे वर उचलला गेलेला असतो आणि आट्यांच्या एका बाजूला टेकलेला असतो. लॉकनट आवळला की तो वॉशरवर, वॉशर कोनावर दाब देतो आणि कोन त्या मोकळिकीएवढा खाली सरकतो. म्हणजे लॉकनटआधी अचूक जुळवलेला हेडसेट लॉकनटनंतर हमखास घट्ट होतो. नवशिका हेच करतो, मग घट्ट झालेला बघून सगळं सैल करतो आणि चक्रात अडकतो.

किती सरकतं ते आकड्यात बघू. १ इंची नळीवर एका इंचात बहुधा २४ आटे असतात, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात कोन १.०६ मिमी वर-खाली होतो. एक अष्टमांश फेरा म्हणजे ०.१३ मिमी. एवढ्याशा अंतरात जोड खुळखुळता, योग्य आणि जाम अशा तिन्ही अवस्था येऊन जातात. म्हणून पाना मारताना झटका नको.

क्रम असा:

- कोन बोटांनी हलकेच टेकेपर्यंत फिरवा. जोर नको.
- साधारण अष्टमांश फेरा मागे घ्या. आता चिमट्यात किंचित खेळ (ढिलं हलणं) जाणवेल, तो हवाच.
- पातळ पान्याने कोन जागीच धरा, दुसऱ्या पान्याने लॉकनट आवळा. कोनाचा पाना पूर्ण वेळ स्थिर.
- खेळ उरला असेल तर लॉकनट सैल करा, कोन पाव सेंटिमीटरभर पुढे (कडेला मोजून), पुन्हा आवळा. घट्ट झाला असेल तर तेवढाच मागे.

पाच-सहा वेळा मागेपुढे करावं लागणं अगदी स्वाभाविक आहे. शेवटच्या टप्प्यात एक युक्ती कामाला येते. जोड जरासाच घट्ट वाटत असेल तर लॉकनट स्थिर धरा आणि कोन खालून त्याच्यावर उलट, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध, आवळा. कोन किंचित वर येतो, जोड मोकळा होतो आणि दोघेही एकमेकांवर घट्ट बसतात. एकाच हालचालीत दोन कामं.

## ८. हँडलचा दांडा

दांडा आणि त्याच्या खालच्या टोकाचा, बोल्ट आवळल्यावर दांडा नळीत घट्ट करणारा तिरका ठोकळा, दोन्हींना ग्रीस लावा. नाही तर पावसाळ्यानंतर तो आत गंजून चिकटतो आणि मग तो काढण्याची कहाणी वेगळी. दांड्यावर एक आडवी रेघ किंवा शब्दांत खूण असते, ती नळीच्या आत गेली पाहिजे, दिसता कामा नये. दांडा फार वर ठेवला तर ठोकळा आटे असलेल्या भागात फुगतो. तिथली नळी आट्यांमुळे आधीच पातळ झालेली असते. ती फुगून कोन जाम होतो, कधी नळीला चीरही पडते. हँडल उंच हवं असेल तर लांब दांड्याचं स्टेम घ्या.

चाक सरळ ठेवून हँडल जुळवा आणि बोल्ट आवळा. तपासायला पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरा आणि हँडल जोराने फिरवा. साध्या जोरावर ते सरकत असेल तर अजून आवळा. स्टेम आवळल्यावर हेडसेटचा खेळ पुन्हा एकदा बघा.

## ९. बिनआट्यांचा हेडसेट

इथे खालून वर क्रम असा: खालचा कोन, खालचं बेअरिंग, फ्रेम, वरचं बेअरिंग, मध्ये चीर असलेली दाबकडी, वरचं झाकण, स्पेसर (उंची भरायच्या कड्या), स्टेम, टोपी. सर्वात जास्त विसरली जाते ती दाबकडी. ती बेअरिंगच्या आतल्या उतारात रुतून नळीला मध्ये धरते. नसली तर टोपी कितीही आवळा, खेळ जात नाही.

बेअरिंग बंद प्रकारचं असेल तर त्याच्या कडेला ३६ किंवा ४५ अंश असे आकडे छापलेले असतात. उतार असलेली बाजू कुठे जाते ते कोन आणि दाबकडीवर टेकवून बघा. उलटं बसलेलं बेअरिंग डगमगतं. वर १ १/८ आणि खाली १.५ इंची असलेल्या निमुळत्या नळीला खालचं बेअरिंग मोठं असतं, दोन्हींची अदलाबदल होत नाही.

टोपीचा बोल्ट फक्त बेअरिंगला दाब देण्यासाठी आहे, चिमटा धरून ठेवणारे बोल्ट स्टेमचे. म्हणून क्रम ठरलेला: स्टेमचे बोल्ट सैल, टोपी हलकेच आवळून खेळ घालवा, हँडल सरळ करा, मग स्टेमचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. किती जोर द्यायचा ते स्टेमवर न्यूटन-मीटरमध्ये छापलेलं असतं, तेच पाळा. स्टेम आधी आवळून मग टोपी फिरवली तर काहीच हलत नाही, आणि माणूस टोपीचा बोल्ट तोडून ठेवतो.

चिमट्याच्या नळीचं टोक स्टेमच्या (किंवा वरच्या स्पेसरच्या) कडेपासून सुमारे ३ मिमी खाली असलं पाहिजे. ते समपातळीत असेल तर टोपी नळीवरच टेकते, दाब बेअरिंगपर्यंत पोहोचत नाही. एक पातळ स्पेसर वाढवला की काम होतं. नळी कार्बनची असेल तर टोपीचा बोल्ट ज्यात जातो तो, आत ठोकायचा चांदणी नट वापरू नका, तो आतून ओरखडे काढतो. फुगणारा प्लग घाला आणि स्टेमच्या जागी ग्रीस लावू नका.

## १०. तपासणी

सायकल पुढून उचला आणि किंचित एका बाजूला कलवा. चाक स्वतःच्या वजनाने त्या बाजूला वळलं पाहिजे, कुठेही न अडता. ब्रेकच्या आणि गिअरच्या ताठ केबल्स अडवत असतील तर त्या सोडून बघा.

मग पुढचा ब्रेक दाबा, दुसऱ्या हाताची दोन बोटं वाटी आणि कोनाच्या जोडावर ठेवा आणि सायकल मागेपुढे हलवा. बोटांखाली टकटक लागली तर खेळ आहे. ब्रेकच्या पॅडचा किंवा सस्पेन्शनचा खेळही असाच वाटतो, म्हणून हँडल आडवं करून हीच कृती परत करा. आता ब्रेकची ढिलाई जवळजवळ जाणवत नाही, हेडसेटची जाणवते. हेडसेट ढिला राहिला तर प्रत्येक खड्ड्यात छर्रे हातोडीसारखे आपटतात, आणि पुढचं चाक थरथरायला लागतं.

पहिल्या २०-३० किलोमीटरनंतर परत एकदा तपासा. नवे भाग, विशेषतः नव्या वाट्या आणि खालचा कोन, थोडे बसतात आणि किंचित खेळ येतो. एकदा जुळवला की पुढे बरेच दिवस बघावं लागत नाही. आणि काढलेले जुने छर्रे डबीत जपून ठेवू नका, पुढच्या वेळी घाईत नेमके तेच हाताला लागतात.